घड्याळ दहा मिनिटं मागे

परवा कंप्युटरचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलेलं दिसलं, म्हटलं लावून टाकू, त्यात काय एवढं. तर स्क्रीन एकदम काळवंडली आणि चौकट आली, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाका. अरे कंप्युटर माझा, वापरणारा मी एकटा, आणि दहा मिनिटं पुढे सरकायला माझीच झडती! पासवर्ड चार वेळा चुकला, त्यात एकदा कॅप्स लॉक.

आणि गेल्याच आठवड्यात वॉलपेपर बदलणारं एक फुकटचं अ‍ॅप उतरवलं होतं, इन्स्टॉलसुद्धा करायचं नाही, नुसतं डबल क्लिक. त्याला कोणी हटकलं नाही. डेस्कटॉपचा कायदाच असा की मी चालवलेला प्रोग्रॅम म्हणजे साक्षात मीच, मला जे उघडता येतं ते त्यालाही, मग ओळखपत्राचे स्कॅन असोत, नुकताच कॉपी केलेला ओटीपी असो नाहीतर माझ्या अर्धवट कविता. कविता वाचल्या असतील तर भोगली म्हणा त्याने शिक्षा. पण घड्याळाला पहारा आणि कपाट सताड उघडं, चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मुळात १९७० च्या दशकात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वाढली तेव्हा कंप्युटर एक आणि वापरणारे अनेक, म्हणून याने त्याच्या फायली बघू नयेत अशा भिंती माणसामाणसांत घातल्या. पुढे कंप्युटर घरी आला, माणूस एकच उरला, भिंती मात्र तशाच, आता दोन्ही बाजूंना मीच. अँड्रॉइडने बरं केलं, तिथे प्रत्येक अ‍ॅपलाच वेगळा युजर धरतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या खोलीत सहज शिरता येत नाही.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणे, "म्हणून सांगतो लिनक्स घे." मी विचारलं, स्क्रीनवर खिडक्या दाखवायला तुझं अजून एक्स ११ च ना? ते १९८७ चं, त्यात एका खिडकीत टाइप केलेलं दुसऱ्या खिडकीतल्या प्रोग्रॅमला ऐकता येतं, पासवर्डसकट. त्याची जागा घ्यायला २००८ पासून वेलँड चालू आहे, त्यात हे भोक बुजवलंय. मित्र जरा गप्प झाला, मग म्हणाला, "जायचंय रे वेलँडवर, पण स्क्रीन शेअर होत नव्हतं."

घड्याळ अजून मागेच आहे. पासवर्ड एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवलेला, आता ती फाईल सापडत नाहीये. वॉलपेपरवाल्याला विचारायला हवं, त्याला माहीत असेल.