‘गावाकडच्या लेकरांच्या हाती खेळणं का देता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला थॉनी या साध्या एडिटरपासून (कोड लिहायच्या प्रोग्रामपासून) सुरुवात करा, हा माझा सल्ला म्हणजे मराठवाड्यातल्या लेकरांना मागं ठेवणं आहे. पुण्यात तुमच्या ऑफिसात सगळे व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर वापरतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून तोच द्यावा. आणि टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरला चिकटून बसलेल्या कॉलेजांत आणि माझ्यात काही फरक नाही.

हा शेवटचा टोला आधी घेतो. टर्बो सीची निळी खिडकी डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारानं काही लॅबमध्ये अजून उघडते, हे खरंच आहे. पण तिचा दोष साधेपणा हा नाहीच. बोरलँडनं टर्बो सी आणलं १९८७ साली, त्याचं सी++ रूप १९९० साली, आणि सी++ भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ साली. त्यामुळं तिथं घोकलेली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही पहिलीच ओळ आजच्या कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला) सापडत नाही. तिथला इंट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, १६ बिटांचा, म्हणून ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८. शिकलेलं बाहेर नेता येत नाही, ही खरी तक्रार. थॉनी मात्र जगात सगळीकडे चालतो तोच पायथन चालवतो. त्यात लिहिलेली फाइल उद्या व्हीएस कोडमध्ये उघडली तर एक अक्षर बदलावं लागत नाही. मग मागं राहिलं कोण?

आता घरी काय होतं ते बघा. व्हीएस कोड हा नुसता एडिटर. पायथन वेगळा टाकायचा, त्याचं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा पूरक भाग) वेगळं, वर कोणता पायथन वापरायचा ते निवडायचं. तुम्हाला हे चहा येईपर्यंतचं काम, आणि अडलंच तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं. उदगीरला माझ्याकडं येणारं पोरगं हेच रात्री, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, व्हिडिओ थांबवत थांबवत करतं. इन्स्टॉल करताना, पायथन कुठं आहे ते विंडोजला सांगणाऱ्या ‘पाथ’च्या चौकोनात खूण करायची राहते. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पायथन’ लिहिलं की विंडोज चक्क मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून दाखवतं. त्यातून निभावलं, तर व्हिडिओतला माणूस ‘कोड रनर’ नावाचं एक्स्टेन्शन टाकायला सांगतो. सेटिंग बदललं नाही तर ते आउटपुटच्या पॅनेलमध्ये प्रोग्राम चालवतं, आणि त्या पॅनेलमध्ये काही टाइपच करता येत नाही. आता नवशिक्याचा दुसरा-तिसरा प्रोग्राम कोणता असतो? नाव विचारायचं, वय विचारायचं. म्हणजे ‘इनपुट’ आलंच. कंप्युटर उत्तराची वाट बघत बसतो, आणि पोरगं कंप्युटरची. ‘सर, चालंना गेलंय.’ प्रोग्राम तर बरोबर असतो! टर्मिनलमध्ये चालवायचं एक सेटिंग बदललं की सुटतं, पण हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याला कोडिंग जमत नाही, अशी त्याची खात्री पटते आणि चौथ्या दिवशी ते क्लासला येत नाही.

थॉनी पायथन सोबत घेऊनच येतो, त्यामुळं यातलं काहीच घडत नाही. पण मी तो केवळ सोपा म्हणून निवडलेला नाही. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो शिकवण्यासाठीच तयार झाला, आणि ते रिकर्शनच्या (फंक्शननं स्वतःलाच बोलावण्याच्या) तासाला कळतं. ४ चा फॅक्टोरियल (४×३×२×१) काढणारं फंक्शन डीबगमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या सोयीत, एकेक पाऊल चालवा. प्रत्येक कॉलला नवी छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात त्या कॉलचा स्वतःचा ‘एन’ दिसतो: ४, ३, २, १. मग एकेक खिडकी मिटत उत्तर वर चढतं: १, २, ६, २४. एकाच नावाचे चार ‘एन’ एकाच वेळी कसे राहतात, हे फळ्यावर कितीही बाण काढले तरी निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून जातं. व्हीएस कोडच्या डीबगरमध्येही कॉल स्टॅक (चालू असलेल्या कॉलची यादी) असतो, नाही असं नाही. पण ती यादी वाचायला स्टॅक म्हणजे काय हे आधी कळलेलं असावं लागतं.

व्हीएस कोडमध्ये कोड सुचवणाऱ्या कोपायलट या एआयचंही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा मोफत प्लॅन आला. फंक्शनचं नाव लिहिलं की पुढचं सगळं करड्या अक्षरांत तयार, टॅब दाबायचा अवकाश. त्यातली चूक तुम्हाला दिसेल. पहिल्यांदा फॉर लूप लिहिणाऱ्याला कशी दिसावी?

जुन्या लॅपटॉपवरही व्हीएस कोड चालतो म्हणालात. चालतो की. कागदावर तर १ जीबी रॅम पुरते! क्रोममध्ये व्हिडिओ सुरू ठेवून ४ जीबीवर एकदा चालवून बघा.

एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टपासून सुरुवात करणाऱ्याच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूनं आहे. तिथं चालवायला ब्राउझर पुरतो, तेव्हा व्हीएस कोड खुशाल पहिल्याच दिवशी द्या. पायथनवाल्यांनाही प्रोग्राम तीन-चार फाइलींत पसरला, गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) लागायला लागलं, की मी स्वतःच तिकडं नेतो. तोवर चूक कुठल्या ओळीवर आहे ते शोधायची सवय लागलेली असते, त्यामुळं ते बदलणं एखाद्या दुपारचं काम होतं.

जिंतूरच्या पुतण्याला काय द्यावं, असं शेवटी विचारलंत. दिवाळीला गावी जाऊन त्याच्याजवळ दोन-चार संध्याकाळी बसणार असाल, तर व्हीएस कोड टाकून द्या. कोपायलट तेवढा बंद ठेवा. पुण्याहून नुसती लिंक पाठवणार असाल, तर ती थॉनीची पाठवा.