सोसायटीचा इन्शुरन्स आहे ना, मग भाड्याच्या फ्लॅटला कशाला?

परवा परत तो फॉरवर्ड आला, 'घरमालकांनो सावधान'वाला. म्हणे भाड्याने दिलेल्या फ्लॅटमधल्या सामानाचा इन्शुरन्स म्हणजे एजंटांचा धंदा, सोसायटीची पॉलिसी असतेच, डिपॉझिट हातात असतंच, भाडेकरूने स्वतःची काढली की विषय संपला, आणि वर परत महाग. माझा कांदिवलीला वन बीएचके भाड्यावर आहे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीपण हेच बोलायचो.

सोसायटीचं आधी घेऊ. मेंटेनन्सच्या बिलात इन्शुरन्सचे पैसे लागतात ते बिल्डिंगचे, म्हणजे भिंती, स्लॅब, लिफ्ट वगैरे. तुमचा एसी, फ्रिज, वॉर्डरोब त्यात कुठून येणार? सेक्रेटरीकडे पॉलिसीची कॉपी मागा आणि वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

डिपॉझिट. हे सगळ्यांना पटतं आणि इथेच गोची आहे. गणपतीला वरच्या मजल्यावरचे गावी गेले होते, त्यांच्या गिझरचा पाइप फुटला, रात्रभर पाणी खाली, सकाळी माझ्या किचनच्या ट्रॉल्या फुगून बसलेल्या, वॉर्डरोबचं दार लागेना. आता यात भाडेकरू बिचाऱ्याचा काय दोष, त्याचं डिपॉझिट मी कुठल्या तोंडाने कापू? डिपॉझिट त्याने केलेल्या नुकसानीसाठी असतं, वरच्याच्या पाइपसाठी नाही.

भाडेकरूची पॉलिसी त्याच्या सामानाची. सोफा तुमचा असेल तर त्याची पॉलिसी सोफ्याला हात लावत नाही, आणि तुमच्या पॉलिसीत त्याचा लॅपटॉप येत नाही. बस्स.

महाग म्हणाल तर, माझ्यासारख्या फ्लॅटचं वर्षाचं प्रीमियम एका महिन्याच्या भाड्याच्या आसपासही जात नाही.

आता एजंट जे सांगत नाहीत ते. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. त्यात घराचा विमा काढला की सामान आपोआप येतं, घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. पण घराची रक्कम म्हणजे बाजारभाव नव्हे हो, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च. म्हणजे दीड कोटीचा 400 फुटांचा फ्लॅट असला आणि बांधकाम 3,000 रुपये फूट धरलं तर रक्कम होते 12 लाख, आणि सामानाला मिळतात 2 लाख 40 हजार. दोन एसी, मॉड्युलर किचन, बेड, वॉर्डरोब, करा बेरीज. कमी पडत असेल तर यादी देऊन वाढवून घेता येतं.

फॉरवर्डवाल्याचं एक मात्र मान्य, सगळं कव्हर होत नाही. आग, पूर, भूकंप, पाइप फुटणं आहे, पण साधी घरफोडी नाही, चोरी फक्त अशा एखाद्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर 7 दिवसांत झालेली धरतात. घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. शॉर्ट सर्किटने एसी स्वतःच जळला तर तो एसी बाहेर. भिंतीची जुनी ओल, वापरून झिजलेली गादी, हेही विसरा. दर पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात त्याचे पैसे मागायला गेलात तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला कंपनी पाठवते तो माणूस, हसेल.

आणि माझी चूक. पॉलिसी होती, लोनच्या वेळी बँकेने गळ्यात मारलेली, पण नंतर फ्लॅट भाड्याने दिला ते मी कंपनीला कळवलंच नव्हतं. सर्व्हेअरचा पहिलाच प्रश्न, 'इथे तुम्ही राहता का?' पुढचे दोन महिने मेल, अॅग्रीमेंटची कॉपी, परत मेल, तेव्हा कुठे थोडे कापून पैसे आले. त्यामुळे कळवा, मेलवर कळवा, आणि लीव्ह अँड लायसन्स करताना फिटिंगची यादी नीट लिहा, नुसतं 'फुली फर्निश्ड' नको, एसी कुठला, फॅन किती, सगळं. फोटो चावी द्यायच्या आधी काढा. माझ्याकडे वॉर्डरोबचा एकच फोटो निघाला, त्यात दारावर भाडेकरूचे बनियन वाळत घातलेले.