दोन पॉइंट करणाऱ्याला पोस्ट प्लेयर म्हणायचं का?

वादाला तोंड फोडलं वकिलानं. तो खरा वकील नाही, पण कुठलीही बाजू घेऊन तासभर भांडू शकतो म्हणून नाव पडलं ते पडलंच. एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, उत्तम पासिंग करणाऱ्या फॉरवर्डचा (पुढच्या फळीतल्या खेळाडूचा) विषय निघाला होता आणि आमचा लंब्या, स्पर्स टीमकडून खेळलेल्या बोरिस डियावचं नाव घेऊन बसला. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ बास्केटकडे पाठ करून खेळताना, पास द्यावा तर त्यानंच, असं लंब्याचं म्हणणं.

"डियाव? अरे, २०१४ च्या मायामीविरुद्धच्या फायनलमधल्या पहिल्या मॅचमध्ये त्यानं पॉइंट किती केले? दोन! पॉवर फॉरवर्ड, फायनल, आणि दोन पॉइंट. याला तू पोस्ट प्लेयर म्हणतोस?"

"दहा रिबाउंड आणि सहा असिस्ट गिळलेस का रे?" लंब्या म्हणाला (रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, असिस्ट म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होतं तो पास). "तो कोर्टवर होता तेवढ्या वेळात स्पर्सनं मायामीपेक्षा ३० पॉइंट जास्त केले. मॅच जिंकली १५ नं. म्हणजे तो बाकावर असताना स्पर्स १५ नं मागे. कर हिशोब."

"त्या दिवशी हॉलचा एसी बंद पडला होता. मायामीच्या लेब्रॉनच्या पायात गोळे आले, तो शेवटी बाहेर बसला. विरुद्ध बाजूचा मुख्य साक्षीदारच आजारी, आणि तू निकाल दाखवतोस."

इथपर्यंत नेहमीचंच. पण मग वकिलानं जे मांडलं ते सहज उडवून लावता येण्यासारखं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की पोस्टमधल्या पासची किंमत शॉटच्या धाकावर ठरते. सॅक्रामेंटोच्या टीममध्ये क्रिस वेबर या फॉरवर्डला बॉल मिळाला की दुसरा डिफेंडर धावत यायचाच, कारण नाही आला तर वेबर बास्केट मारणार. २०००-०१ मध्ये त्याची सरासरी मॅचमागे २७ पॉइंटच्या वर होती. दुसरा माणूस आला म्हणजे कोणीतरी मोकळा, आणि वेबरचे हात मऊ, पास बरोबर पोचायचा. "डियावला कोण भिणार? त्याच्यावर एकच माणूस ठेवा आणि निवांत राहा. तो शॉट घेतच नाही. मोकळा असला तरी पासच करतो."

शेवटचं वाक्य खरं आहे, ते मलाही मान्य. डियाव बघताना कितीतरी वेळा तोंडातून "मार ना लेका!" निघायचं.

लंब्या उठून उभाच राहिला. तो स्वतः पोस्टमध्ये खेळतो, त्यामुळे त्याला बसून समजावता येत नाही. वकिलाला मागे उभं केलं, त्याच्याकडे पाठ केली. "हे बघ. स्क्रीनवर (सहकाऱ्यानं वाट अडवली की) डिफेंडरांची अदलाबदल झाली आणि डियावसमोर ठेंगणा गार्ड आला. तो काय करतो? एक ड्रिबल, कंबरेनं हलका रेटा. परत ड्रिबल, परत रेटा. घाई नाही. बॉल लांबच्या हातात, डिफेंडरपासून दूर. आणि नजर? रिंगकडे नाहीच. पलीकडच्या कॉर्नरवरच्या डिफेंडरच्या पायांवर. त्याचं एक पाऊल आत पडलं की बॉल कॉर्नरला. नाही पडलं तर अजून एक रेटा, मग रिंगखाली सोपा हुक. तुला वाटतं त्याला डबल टीम, अंगावर दोन डिफेंडर, हवी असते. त्याला फक्त ते अर्धं पाऊल हवं असतं."

"अर्ध्या पावलानं तीन पॉइंटचा शॉट पडत नाही."

"कॉर्नरला स्पर्सचा शूटर डॅनी ग्रीन असला तर पडतो."

सर तोपर्यंत गप्प होते. त्यांनी बरीच वर्षं कोचिंग केलंय, आणि ते बोलले की नियमांवर येतात. "वकील, तू वेबरचा जो सीझन काढलास ना, तो जुन्या डिफेन्स नियमाचा शेवटचा. २००१-०२ पासून झोनवरची, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्यावरची, बंदी उठली. आधी काय होतं, मदतीला जायचं तर सरळ डबल टीमला जा, नाहीतर आपल्या माणसाला धरून राहा. मधेच घुटमळलास की शिट्टी. त्यामुळे पोस्टमधल्या माणसाला चित्र स्वच्छ दिसायचं. झोन आल्यावर डिफेंडर अर्धवट मदत करू लागले. येतोय की नुसतं भासवतोय, ते कळत नाही. त्यात १९९९-२००० पासून तो पाच सेकंदांचा नियम. फाउल लाइनच्या (फ्री थ्रोच्या रेषेच्या) खाली पाठ करून पाच सेकंदांच्या वर ड्रिबल करत बसता येत नाही. म्हणजे एवढ्यातच समोरचा डाव ओळखायचा."

"सर, नियम बदलल्यावरही २००२-०३ ला वेबरचे २३ पॉइंट आणि पाचच्या वर असिस्ट आहेत," वकील म्हणाला. "तुमचा मुद्दा चांगला आहे, पण माझ्या अशिलाला लागू होत नाही."

सर हसले. हे त्यांनाही पटलं असावं.

मग वकिलानं हुकमाचं पान टाकलं. २०११-१२, शार्लट बॉबकॅट्स. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे) ६६ मॅचचा सीझन, त्यात सात विजय आणि ५९ पराभव. विजयाच्या टक्केवारीत एनबीएच्या इतिहासातला तळ. आणि त्या टीममध्ये होता कोण? बोरिस डियाव. मार्चमध्ये त्यांनी त्याला सोडून दिलं, मग स्पर्सनं घेतलं. "तेच हात, तेच डोळे, तीच कंबर. तिथे का नाही चाललं?"

लंब्या जरा अडखळला. उत्तर दिलं ताईनं. ती कॉलेजच्या टीमची पॉइंट गार्ड होती, आणि आमच्यात पासबद्दल बोलायचा खरा हक्क तिचाच. "शून्याला कितीनंही गुणा. अरे, पास एकट्याचा नसतो. देणाऱ्याला वेळ कळायला हवी आणि घेणाऱ्याला जागा. स्पर्समध्ये डियाव पाठ करून उभा राहिला की बाकीचे चौघं हलायला लागायचे. कोणी बेसलाइननं कट मारतोय, म्हणजे झटकन रिंगकडे धावतोय, कोणी कॉर्नरला सरकतोय. स्पर्सचा गार्ड टोनी पार्कर, त्याला तर डियाव काय करणार हे पोरवयापासून माहीत, दोघं फ्रान्सच्या एकाच क्रीडासंस्थेत वाढलेले. शार्लटमध्ये तो पास द्यायचा आणि समोरचा बॉल धरून उभा. असिस्टच्या रकान्यात ते येतच नाही."

"म्हणजे तो टीमवर अवलंबून."

"हो. आणि स्पर्सच्या कोच पॉपोविचला ते कळत होतं. फायनलची तिसरी मॅच आठव. स्प्लिटरला बाकावर बसवून डियावला सुरुवातीला उतरवलं. ती धरून तिन्ही मॅच कितीनं जिंकल्या? १९, २१, १७. चौथ्या मॅचमध्ये त्याचे आठ पॉइंट, नऊ रिबाउंड, नऊ असिस्ट. पिक अँड रोलवर, म्हणजे स्क्रीन घेऊन बॉलवाला निघाला की, मायामी दोघं त्याच्यावर टाकायची. पार्करनं बॉल मधे डियावकडे सोडला की पुढे चारजण विरुद्ध तीन. तिथे शॉटचा धाक लागत नाही रे, डोकं लागतं."

माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडतो. वकिलाचा धाकाचा सिद्धांत बरोबर आहे, पण धाक एका प्रकारचा नसतो. वेबरला सोडलं तर दोन पॉइंट जाणार. डियावला सोडलं तर तो हळूहळू रिंगखाली येणार, आणि मग तीनजणांना एकदम ठरवावं लागणार की आता कोणी हलायचं. पोस्ट प्ले आणि पासिंग हे त्याच्या बाबतीत दोन वेगळे गुण म्हणून मोजताच येत नाहीत. पास काढला तर पोस्टमध्ये तो साधारण, आणि पोस्ट काढलं तर पास द्यायला जागाच उरत नाही.

"आणि शॉट येत नाही म्हणणाऱ्यांसाठी," लंब्याला पुन्हा जोर चढला, "२०१४ लाच ओक्लाहोमाविरुद्धची सहावी मॅच. पार्कर हाफटाइमनंतर घोट्यामुळे बाहेर, मॅच ओव्हरटाइमला, आणि डियावचे २६ पॉइंट! २००६ ला फीनिक्सकडून डॅलसविरुद्ध ३४, आणि अर्धा सेकंद उरला असताना जिंकणारं बास्केटसुद्धा त्याचंच!"

"ती सिरीज कोण जिंकलं?" वकिलानं शांतपणे विचारलं.

डॅलस. ४-२.

"आणि २००२ ला लेकर्सविरुद्ध सातवी मॅच घरच्या कोर्टवर कोण हरलं?" लंब्यानं परतवलं. "कुठाय तुझ्या वेबरची चॅम्पियनशिपची रिंग?"

मग आवाज इतका चढला की सरांना मधे पडावं लागलं. ठरलं असं, की उद्या सकाळी लंब्या पोस्टमध्ये उभा राहणार, ताई कट मारणार, आणि वकील मदतीला जायचं की नाही ते ठरवणार. पाच सेकंद सर मोजणार. वकिलानं लगेच हरकत घेतली, की सर लंब्याच्या बाजूचे आहेत, घड्याळ तिसऱ्या माणसाकडे हवं.