रेझिनच्या मूर्तीवरील उडालेल्या रंगाबाबत खुलासा

नाशिकमधील मूर्ती-संग्राहकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे: रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) मूर्तीचा टवका उडाला, तर ती जागा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसावी, जुळत्या छटेचे नेलपॉलिश लावावे आणि तुटलेला तुकडा फेविक्विकने चिकटवावा. यातील पहिले दोन उपाय मूर्तीला घातक आहेत आणि तिसरा अर्धाच खरा आहे.

अनेक रिमूव्हरमध्ये असणारे ॲसिटोन टवक्याभोवतीचा शाबूत ॲक्रिलिक रंगही विरघळवते आणि मूर्ती पीव्हीसी प्लास्टिकची असल्यास तिचा पृष्ठभागच मऊ करते. नेलपॉलिशमध्येही इथिल व ब्युटिल ॲसिटेटसारखी द्रावके असल्याने खालचा रंग सुरकुतू शकतो, शिवाय मॅट अंगावरचा तो चकचकीत ठिपका मूळ टवक्यापेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. फेविक्विकने रेझिन जुळते हे खरे. मात्र ते जास्त लागल्यास त्याच्या वाफेने सांध्याभोवती पांढरट झाक बसते.

योग्य रीत संथ आहे. जागा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून वाळवावी, खोल टवका दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या इपॉक्सी पुटीने भरावा, पुटी पूर्ण कडक झाल्यावर ६०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावी, आणि मगच प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), ॲक्रिलिक रंगाचे पातळ थर व मॅट वार्निश द्यावे. रंग आधी बैठकीच्या तळाशी लावून, वाळल्यावरच छटा ताडावी, कारण ॲक्रिलिक वाळताना सहसा गडद होतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत स्प्रे वार्निश दुधाळ पडते, म्हणून ते काम कोरड्या दिवसासाठी राखावे. मर्यादित आवृत्तीची मूर्ती पुढे विकताना ही दुरुस्ती घेणाऱ्याला सांगणे आवश्यक आहे.