स्लॅबवरची परात

स्कॅनर, म्हणजे वायरलेसवरची बोलणी ऐकायचं यंत्र, घरात आला त्या दिवशी बायकोनं एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यावर बोलता येतं का?" मी म्हणलं नाही, नुसतं ऐकता येतं. "मग बरं आहे," ती म्हणाली, "तेवढीच तुम्हाला ऐकायची सवय लागंल."

आता हे खूळ मला कुठून लागलं ते आधी सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं धंद्यात मंदी आली की माणूस असले उद्योग करतो. (मंदी आहे, पण तिचा ह्याच्याशी संबंध नाही.) किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी, गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. पुढच्या दिवसांचं मी इथं लिहीत नाही, आमच्याकडं ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. फक्त फोनचा भरवसा नव्हता तेव्हा हॅम रेडिओवाली, म्हणजे हौसेनं वायरलेस चालवणारी माणसं आपापले सेट, बॅटऱ्या अन अँटेना घेऊन आली होती, त्यातला एक जण मी लांबून बघितला. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, नुसता ऐकत बसलेला. एवढ्या आकांतात हा माणूस एकटाच काय ऐकायलाय हे मला कळेना, अन ते डोक्यात बसलं ते बसलंच.

मग मधी तीस वर्षं भांडी विकली. लातूरच्या गंजगोलाईत दुकान आहे, स्टील, पितळ, ॲल्युमिनियम, लग्नसराईत बरं चालतं. पोरं मोठी झाली, रिकामा वेळ दिसायला लागला, तेव्हा म्हणलं आता करूच. आपल्याकडं वायरलेसचं यंत्र म्हणलं की आधी लायसनचं बघावं लागतं, म्हणून रीतसर हॅमची परीक्षा दिली. बारा वर्षांच्या पुढच्या कुणालाही देता येते, खालच्या ग्रेडला मोर्सची, त्या टिंब-रेघांच्या भाषेची, कटकटपण नाही. माझ्या शेजारी एक नववीतली पोरगी बसली होती, माझी पहिल्या पानावर बोटं मोडणं चालू होतं तोवर ती पेपर देऊन गेलीसुद्धा. तरी पास झालो. व्हीयू थ्रीनं सुरू होणारं कॉलसाईन, म्हणजे वायरलेसवरचं नाव, मिळालं. मोठा सेट घ्यायची ऐपत अन हिंमत दोन्ही नव्हती, म्हणून पुण्याच्या भाच्याकडून हा हातातला स्कॅनर मागवला. "मामा, सोपाय एकदम," तो फोनवर म्हणाला. ह्या वाक्यावर मी आयुष्यात तीनदा फसलोय.

यंत्र तळहाताएवढं अन मॅन्युअल मात्र पंचांगाएवढं, सगळं इंग्रजीत, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. प्रत्येक बटणाला दोन कामं, एक साधं दाबल्यावर अन एक फंक्शन दाबून दाबल्यावर, अन तिसरं दाबून धरल्यावर, ते तिसरं कशाचं ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. भाच्यानं भरून दिलेली दोनशे चॅनलं एका दाबात साफ. भाचा म्हणाला, "रीसेट केलाव की काय?" मी म्हणलं नाही रे, त्यानं स्वतःहूनच केलं.

मग फोनवर धडे सुरू झाले. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या मधी बोलतात, मामा, तेवढंच आधी लावा. लावलं. काहीच नाही. शांत. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, दुकानातपण नेला, गिऱ्हाईक कुकर बघायलंय अन माझं ध्यान खिशात. मी मनाची समजूत घातली की मराठवाड्यावरून विमानंच जात नसतील, आपल्या वाट्याला जसा पाऊस येत नाही तसंच हेपण. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "स्क्वेल्च किती ठेवलाय?" मी म्हणलं फुल, चांगली गोष्ट आहे तर कमी कशाला ठेवायची! तर स्क्वेल्च म्हणजे त्या यंत्राचा दरवान निघाला. त्याला ढिला सोडला की सगळा कचरा आत, कढईत पाणी पडल्यावाणी चर्रर्र आवाज, अन फुल आवळला की तो कुणालाच आत सोडत नाही, चोराला नाही अन पाहुण्यालाही नाही. चर्रर्र जिथं नुकतं बंद होतंय तिथंच थांबायचं, केसभर इकडं-तिकडं नाही. खव्याच्या आचेसारखं आहे ते.

स्क्वेल्च जमला तर आवाज आला, पण तोंडात तंबाखूचा बार भरून कुणीतरी बोलायलंय असा. अर्धा तास मी त्या पायलटला नावं ठेवली. मग कळलं की विमानवाले अजून एएमवरच बोलतात, माझा डबा होता एफएमवर. हा दोष माझाच. पण त्याच्या पुढचा माझा नाही. १२० च्या आसपास स्कॅन करताना एकदम सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात लागली, खणखणीत, संगीतासकट. मी बायकोला हाक मारली की विमानात जाहिरात लागलीय. ती आली, ऐकलं, म्हणाली, "हे तर खालच्या टपरीवरपण लागलंय." जोरदार एफएम स्टेशन जवळ असलं की असला बारका डबा बावचळतो अन त्याला ते भलत्याच जागी ऐकू येतं. त्यावर ॲटेन्युएटर नावाचं, आलेला सिग्नल मवाळ करणारं बटण असतं. अर्थात फंक्शन दाबून.

अन बर्डी. एका ठिकाणी येऊन स्कॅनर रोज थांबायचा, आवाज नाही काही नाही, नुसता थांबायचा अन सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरून दाखवायचा. मी तीन रात्री तिथं कान लावून बसलो की आता कुणीतरी बोलंल. ते यंत्राच्या स्वतःच्याच पोटातलं गुरगुरणं असतं म्हणे, आतल्या ऑसिलेटरचं, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाचं, त्याला बर्डी म्हणतात अन ते चॅनल लॉकआउट करून, म्हणजे वगळून टाकायचं असतं. म्हणजे तीन रात्री मी त्या डब्याचंच पोट ऐकत बसलो होतो.

शेजारी रिटायर जमादार राहतात. त्यांनी गेटमधूनच आवाज दिला, "काय शेठ, काय ऐकायलाव? आमच्या खात्याचं नाही ना?" मी म्हणलं नाही काका, पोलिसांचं चोरून ऐकणं कायद्यात बसत नाही, मी विमानाचं अन हॅमचं ऐकतो. त्यांनी परवानगी दिल्यासारखी मान हलवली, मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "पण येतंय का त्याच्यावर?" येत असतं तरी दिलं नसतं लावून. तेव्हापासून ते माझ्यावर जरा नाराज आहेत.

आता परातीकडं येऊ, खरी भानगड तिथं आहे. डब्याबरोबर आलेली रबरी अँटेना म्हणजे शिंगरूच्या शेपटीएवढी, घरात बसून तिच्यानं काही होईना. भाच्यानं हिशोब सांगितला, विमानाची १२५ मेगाहर्ट्झ धरा, ३०० ला त्या १२५ नं भागा, २.४ मीटर आली लहर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ६० सेंटिमीटरची सरळ तांब्याची तार उभी करायची, अन तिच्या बुडाशी धातूचा मोठा पत्रा पाहिजे, जमिनीचं काम करायला. पत्रा गोल असला तर उत्तम. मामा, तुमचं तर भांड्याचंच दुकान आहे. आता दुकानातली परात घेतली तर भोक पाडल्यावर ती विकणार कुणाला? मी घरातली घेतली. माळ्यावर पडलेली होती, पितळी, दोन वर्षांत कुणी हात लावलेला मी बघितला नव्हता. मधोमध भोक पाडलं, सॉकेट बसवलं, डिशची जुनी केबल जोडली (ऐकण्यापुरती चालून जाते), अन स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ विटांवर पालथी घातली.

ती रुखवतातली परात होती. सासूबाईंनी तुळजापूरहून आणलेली. दोन वर्षं कुणाला न लागलेली परात त्याच आठवड्यात लागली, वेळ अमावस्येच्या वनभोजनाला भाकरीचं पीठ मळायला. बायको वर आली, परातीकडं बघितलं, तारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काहीच बोलली नाही. स्क्वेल्च फुल. चार दिवस.

पण आवाज म्हणाल तर काय सांगू! त्याच रात्री साडेनऊला लाईट गेली अन एकदम स्वच्छ आवाज आला, शेजारच्या खोलीतून बोलल्यावाणी, "फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो, मुंबई, नमस्कार." पस्तीस हजार फुटांवरून! लातूरच्या डोक्यावरून जाणारा माणूस मला नमस्कार घालायलाय. म्हणजे मला नाही, मुंबईला, पण मुंबईनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू येत नाही, कारण वरचं विमान तीनशे किलोमीटरवरूनपण दिसतं अन जमिनीवरचा माणूस क्षितिजाच्या पलीकडं असतो. म्हणजे भजनात नुसते झीलकरी ऐकू यावेत अन बुवा गायब, तसं. तरी मी उठून उभा राहिलो होतो.

लाईट आली अन सगळं गेलं. पुन्हा चर्रर्र. त्या दिवशी मला कळलं की माझं वैर आकाशाशी नाही, गल्लीशी आहे. एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर, ज्याच्या पोटात स्वस्तातली सर्किटं ते सगळं एएमवर कचरा ओकतं. अख्खा मराठवाडा ज्या लोडशेडिंगला शिव्या देतो त्याची मी वाट बघायला लागलो. लाईट गेली की गल्लीतून आरडाओरडा अन माझ्या घरातून एकटाच माणूस टॉर्च घेऊन जिन्यानं वर पळायलाय. जमादार म्हणाले, "शेठ, लाईट तुम्हीच घालवायलाव का?"

ह्या कचऱ्यातला सगळ्यात मोठा आवाज मात्र चार्जरचा नव्हता. आठवड्यातून एखाद्या वेळी, कधी पहाटे, कधी दुपारी, एकदम खर्रर्र सुरू व्हायचं, आधी एक, मग दुसरं त्यात मिसळायचं, मग आठ-दहा, अन तासाभरानं एकेक करत बंद. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या, विमानतळाशी काही संबंध आहे का बघितलं, भाच्याला रेकॉर्डिंग पाठवलं, तोपण चक्रावला.

उत्तर मिळालं ते स्पेस स्टेशनच्या दिवशी. ते चारशे किलोमीटरवरून दीड तासाला एक चक्कर मारतं अन आपल्या डोक्यावर जेमतेम दहा मिनिटं असतं. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याचे डेटाचे टर्रर्र असे तुकडे ऐकू येतात, येताना फ्रिक्वेन्सी जराशी वर धरायची, जाताना खाली. मी गल्लीतली पोरं गोळा केली, जमादार आले, बायकोपण आली, म्हणजे परातीच्या पलीकडं उभी राहिली. लाईट नव्हती, आभाळ मोकळं, सात वाजून चौदा मिनिटं. उत्तर-पश्चिमेकडून चांदणीसारखं ते निघालं. पोरं गप. डब्यातून एकदा आलं, टर्रर्र. पुन्हा, टर्रर्र. जमादारांनी टोपी काढली, का ते मला माहीत नाही.

अन लाईट आली. पाठोपाठ खर्रर्र. एक, दोन, पाच. मी ओरडलो, "हे बघा, हेच, ह्याच आवाजानं माझा जीव खाल्लाय!" बायकोनं कान दिला. मग खाली गल्लीत वाकून बघितलं, अन ती जी जिन्याकडं पळाली, "आओ, टिल्लू हाय ती! नळ आलाय!"

टिल्लू. नळाला लावायची बारकी मोटर. आतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या अन माझा स्कॅनर, ह्यांचं गेले दोन महिने बोलणं चालू होतं. अर्ध्या मिनिटात स्लॅब रिकामा. पोरं, जमादार, सगळे घागरी-बादल्यांकडं. ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय त्या गावाला स्पेस स्टेशनचं काय कौतुक सांगता. मी एकटाच वर, ते शांतपणे आग्नेयेला गेलं, अन खालून बायकोचा आवाज, "तिथं काय करायलाव? आपली मोटर लावा आधी!" लावली. मग काय, माझीच टिल्लू सगळ्यात जोरात ऐकू आली.

आता परातीचा विषय घरात निघत नाही. उलट मागच्या वादळात ती कलंडली तर बायकोनं स्वतः वर जाऊन विटा नीट लावल्या. स्कॅनर रात्री तिच्या उशाशी असतो, १२५ वर, स्क्वेल्च माझ्यापेक्षा तिलाच चांगला जमतो. समोरच्या वहिनी, मागच्या मावशी संध्याकाळी विचारून जातात, काही आवाज आला का. परवा पहाटे चारला मला गदागदा हलवलं. मी दचकून उठलो, म्हणलं काय झालं? विमान?

"कशाचं विमान," ती म्हणाली, "सातजण लागलेत. उठा, पाईप जोडा."