वरणाच्या पाण्यावर बाळ वाढत नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि माहेर-सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या बाळाच्या वरच्या खाण्याचे ‘आजीचे नियम’ फिरताहेत. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. थोडक्यात मजकूर असा: चौथ्या महिन्यापासून वरणाचं पाणी सुरू करा, पहिली चव मधाची द्या, दात येईपर्यंत घट्ट काही देऊ नका, मीठ-गूळ घातल्याशिवाय बाळ बाळसं धरत नाही, अंडं-शेंगदाणा-मटण वर्षभर बंद ठेवा, थंडीत केळं आणि दही देऊ नका, आणि आपल्या नाशिकची द्राक्षं बाळाच्या हातात द्या, त्याने रक्त वाढतं.

सिडकोतल्या मावशीकडून आला की हा मजकूर खरा वाटतो. पहिलटकरणीला तर जास्तच, कारण तिला रात्री दोन वाजता उत्तर हवं असतं आणि त्या वेळी मोबाइल तेवढा जागा असतो. पण संदेश लिहिणाऱ्याने कुठल्या आजीला विचारलेलं दिसत नाही. आपल्याकडच्या आज्यांनी मऊ भातावर तूप घातलं, नागलीची (नाचणीची) लापशी भरवली, भाकरी दुधात कुस्करून दिली. संदेशात राहिलंय ते फक्त पाणी.

‘चौथा महिना लागला की आईचं दूध पातळ पडतं. शास्त्रात चौथाच महिना सांगितला आहे.’

शास्त्रात चौथ्या महिन्याला सांगितलंय ते निष्क्रमण, म्हणजे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेणं. अन्नप्राशन सहाव्यातलं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकर अन्न द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शिकाही सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनंतर सुरुवात करा, असं सांगते. त्याआधी पाणीसुद्धा नको. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला तरी नको, कारण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं.

दूध ‘पातळ पडतं’ ही समजूत कुठून येते तेही पाहा. तीन-चार महिन्यांचं बाळ मधूनच सारखं पाजायला मागतं, रात्री उठतं, मुठी चोखतं. घरातले म्हणतात, पोट भरत नाही त्याचं. मग वरणाचं पाणी सुरू होतं, बाळ कमी वेळा पितं, आणि जितकं कमी पाजलं जातं तितकं दूध कमी बनतं. पंधरा दिवसांनी दूध खरोखरच आटायला लागतं आणि संदेश बरोबर ठरल्यासारखा वाटतो.

उष्टावणाच्या हिशेबात एक घोळ नेहमी होतो. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, अशी आपल्याकडची पद्धत. पण ‘सहावा लागला’ म्हणजे पाचच पूर्ण झालेले असतात. मुलीचं उष्टावण पाचव्याऐवजी सातव्यात धरलं तर रीतही सांभाळली जाते आणि १८० दिवसही भरतात. मुलाचं सहाव्यातच करायचा घरात आग्रह असेल तर करा. मामाच्या मांडीवर बसवा, खिरीचं बोट ओठाला लावा, फोटो काढा. रोजचं भरवणं मात्र सहा पूर्ण झाल्यावरच. तोवर बाळ आधाराने बसायला लागतं, मान धरतं, आणि चमचा तोंडात गेला की जिभेने बाहेर ढकलणं कमी होतं. दिवस पुरे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच विचारावं.

‘पहिली चव मधाची. बुद्धी आणि वाणी दोन्ही तल्लख होतात.’

इथे तडजोड नाही. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. बोटभरही नाही, गुटीत उगाळूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, त्याने स्नायू लुळे पडतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण होणं, चोखता न येणं, मान न धरणं अशी लक्षणं दिसतात. घरच्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. मध जंगलातला शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाकडून आणलाय, याने काहीही फरक पडत नाही.

‘वरणाच्या पाण्यात डाळीची सगळी ताकद उतरते.’

संदेशातलं सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं हे वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. मध देणाऱ्या घरांत काही विपरीत झालंच तर ते डोळ्यांना दिसतं. वरणाच्या पाण्यावर ठेवलेलं बाळ महिनोन्‌महिने ‘खातंय की’ म्हणून चालून जातं.

डाळीतली प्रथिनं, लोह, जस्त हे बहुतांशी डाळीच्या गरातच राहतं. वरचं निवळ गाळून घेतलं तर वाटीत येतं ते पिवळं पाणी, चिमूटभर पिष्ट आणि हिंगाचा वास. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, या पाण्यात त्याहून खूपच कमी. बाळाच्या पोटाची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सव्वादोनशे मिलिलिटरच मावणार. तिथे वाटीभर पाणी ओतलं की पोट भरतं, दुधाची जागा जाते आणि अंगी काहीच लागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर साडेपाचशे. पाणी पाजून हा हिशेब जमत नाही.

त्याहून मोठी गोष्ट लोहाची. दिवस भरून जन्मलेलं बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. नेमक्या त्याच वेळी आपण वरणाचं पाणी, भाताची पेज आणि साखर घातलेलं गाईचं दूध सुरू करतो, तिन्हींत लोह जवळजवळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं बरीच आहेत, पण आपल्या हातात असलेलं पहिलं कारण वाटीतलं पाणी आहे.

मग द्यायचं काय? वेगळं काही शिजवायचीही गरज नाही. कुकरला मुगाची डाळ-तांदूळ लावा, त्यात मूठभर पालक किंवा लाल भोपळा टाका, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. मिठाच्या आणि फोडणीच्या आधी बाळाचा वाटा काढून घ्या. तो चमच्याच्या पाठीने कुस्करा, मिक्सरमध्ये घालू नका. वर चमचाभर तूप (त्यातच ४५ कॅलरी आहेत) आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबू चवीसाठी नाही, क जीवनसत्त्वाने डाळ-पालेभाजीतलं लोह अंगात जास्त शोषलं जातं. चहाने उलटं होतं, म्हणून चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाला भरवणं आधी बंद करा. ‘एवढंसं तर असतं’ म्हणत ते भरवणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. पातळ-घट्ट ओळखायची सोपी खूण म्हणजे चमचा तिरका केला तर अन्न लगेच ओघळून पडता कामा नये. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठवा महिना सरेपर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा.

नागलीचं तर आपल्याकडे घरचं कोठार आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूलकडून ती शहरात येते. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळली की लोह शोषू न देणारं फायटेट कमी होतं. शिवाय मोड आलेल्या पिठाची लापशी गोळा होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त बसतं. सत्त्व करताना फडक्यातून गाळून चोथा टाकायची पद्धत आहे, ती पहिल्या पंधरवड्यापुरती ठीक. पुढे चाळलेलं बारीक पीठ तसंच वापरावं, कारण चोथ्याबरोबर खनिजंही जातात.

‘दात येईपर्यंत घट्ट काही देऊ नका.’

पुढचे दात चावायला नसतातच, ते तोडायला. बाळ हिरड्यांनी चावतं, आणि त्या हिरड्या केवढ्या टणक असतात हे ज्याच्या बोटाला लागलं त्याला विचारा. काही बाळांना पहिला दात दहाव्या-अकराव्या महिन्यात येतो, तोवर त्यांनी पेजेवर राहायचं? गुठळ्या असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांपर्यंत मिळालंच नाही तर पुढे चावून खायला, नव्या चवी घ्यायला मुलं जास्त त्रास देतात, असं दिसून आलं आहे. तीन वर्षांचं झालं तरी मिक्सरमधून काढूनच खातो, ही तक्रार बऱ्याचदा इथे सुरू होते.

‘मीठ-गुळाशिवाय अंगाला लागत नाही.’

वर्षाच्या आत वरून मीठ नको, दोन वर्षांच्या आत वरून साखर नको, आणि गूळ म्हणजे साखरच. चिमूटभर गुळातून मिळणारं लोह नावापुरतं. मग आयोडीन कुठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. आई आयोडीनयुक्त मीठ खाते, ते दुधातून उतरतं. अळणी खिचडी आपल्याला पानचट लागते, बाळाला नाही, त्याने खारट अजून चाखलेलंच नाही.

‘अंडं, शेंगदाणा, मटण उष्ण. वर्षभर बंद.’

ॲलर्जीच्या भीतीने डॉक्टरही एके काळी असं सांगत, त्यामुळे हा नियम निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. पण २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांचा ‘लीप’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं होती. ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी टाळलेल्या बाळांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. थांबल्याने ॲलर्जी टळत नाही, उलट वाढू शकते. तेव्हा सहा महिने पूर्ण झाल्यावर नीट उकडलेलं अंडं कुस्करून, भाजल्या शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट लापशीत कालवून द्यावा. अख्खा दाणा कधीच नाही. नवी वस्तू एका वेळी एकच, आणि सकाळी, म्हणजे पुरळ-उलटी झाली तर दवाखाना उघडा असतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच दिसली असेल, तर शेंगदाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मटण-चिकनमधलं लोह डाळीतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. ज्या घरी रविवारी रस्सा होतोच, तिथे बाळाला नुसतं पाणीदार सूप का? तिखट घालण्याआधी काढलेला मऊ शिजलेला खिमा द्या. शाकाहारी घरात डाळ, उसळ, पालेभाजी आणि सोबत लिंबू किंवा पेरूचा गर, एवढं रोज सांभाळावं लागतं.

केळं-दह्याचं थोडक्यात सांगते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा सर्दी-खोकला घरोघरी असतो, कारण विषाणू पसरतात आणि दारं-खिडक्या बंद असतात. केळ्याने कफ होत नाही. फ्रीजमधलं दही थोडा वेळ बाहेर ठेवून द्या, झालं.

‘आपल्या नाशिकची द्राक्षं हातात द्या, रक्त वाढतं.’

दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं जगभर जातात, अभिमान आहेच. पण द्राक्षात लोह नगण्य. आणि अख्खं द्राक्ष म्हणजे बाळाच्या श्वासनलिकेला बसणारं बूच: गोल, गुळगुळीत, दाबलं तर आकार बदलून घट्ट अडकणारं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे प्रत्येक घरात टोपलीभर द्राक्षं असतात, थोरली भावंडं प्रेमाने एकेक भरवतात, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात हा धोका खरा आहे. सोलून दिलं तर जास्तच सटकतं. द्यायचंच तर नीट धुऊन, उभ्या चार फोडी करून, बी असेल तर काढून. पाच वर्षांचं होईपर्यंत हीच पद्धत. फुटाणे, शेंगदाणे, चिवडा, कच्च्या गाजराचे तुकडेही याच यादीत. बाळ बसलेलं असावं, आणि समोर मोठं माणूस.

खाताना ओकारी काढणं, खोकणं, तोंड लाल होणं हे शिकण्याचा भाग आहे. आवाज येतोय तोवर पाठीवर थापट्या मारू नका. आवाजच येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. बाळ निपचित पडलं तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते.

ग्रुपवर विचारण्यापेक्षा जवळचं माणूस आहेच. आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येतात, खाण्याचं विचारणं हे त्यांच्या कामातच आहे. अंगणवाडीत वजन होतं. माता-बाल संरक्षण कार्डावरचा वजनाचा आलेख वर चढतोय की आडवा झालाय, ते स्वतः बघायला शिका. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातलं लोहाचं पातळ औषध सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यायचं असतं, ते आशाताईंकडे मागा. त्याने शी काळपट होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि त्यासाठी औषध थांबवायचं नसतं.