ज्वालामुखी दिसला नाही म्हणून दोन स्टार : मालकाचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, ठीकाय, तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की पॅकेजमध्ये "ज्वालामुखीचे डोंगर" म्हणून फसवलं, दिवसभर नुसती झाडं नि धुकं, वर ड्रायव्हर बैलगाडीसारखी गाडी चालवतो आणि धबधब्यावर उतरूपण देत नाही. बाकीचे लोकंही हे वाचणार म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धूर सोडणारा डोंगर सह्याद्रीत कुठून आणू? इथे लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतनं आला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि थरावर थर पसरत गेला. आंबोली घाटात ज्या काळ्या कातळाला टेकून तुम्ही सेल्फी काढलात ना (रिव्ह्यूत तोच फोटो टाकलाय) तो थिजलेला लाव्हाच. झूम करून बघा, तुमच्या खांद्यापाशी दगडात बारीक बारीक भोकं आहेत, ते आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आणि माथ्यावरचा लाल थर म्हणजे जांभा, हाच दगड पावसापाण्याने झिजून झालेला. आमच्या गोव्यातला बराचसा दगड ह्याच्याहून कितीतरी जुना, लाव्हाचे थर फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणूनच तर तुम्हाला चोर्ल्याने वर चढवून बेळगाव करून आंबोलीने खाली आणलं, नाहीतर कळंगुट दाखवून सोडलं असतं की.

कणकुंबीला देवळापाशी गाडी थांबवली तेव्हा तुम्ही उतरलाच नाहीत असं ड्रायव्हर म्हणाला. मलप्रभा तिथे उगम पावते, कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला जाते, आणि आपली म्हादई त्याच खानापूर तालुक्यात जन्मून पणजीला मांडवी म्हणून अरबी समुद्राला मिळते. त्या डोंगरांवरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो! हे बघायला लोकं मुद्दाम येतात हो, पिकनिकवाले नाही येत, पण येतात.

धबधब्याचं म्हणाल तर तो भाग म्हादई अभयारण्यात येतो, वन खात्याची बंदी होती, गार्ड समोर उभा, ड्रायव्हरने काय त्याला ढकलून तुम्हाला आत न्यायचं?

आणि स्पीड. चोर्ल्यात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे फक्त लाईट दिसतात, तेपण अगदी जवळ आल्यावर, आणि वळणावर समोरनं बेळगावहून भाजी घेऊन येणारे टेम्पो हॉर्न वाजवत येतात, त्यांना मार्केट गाठायची घाई. अशा वेळी आमचा माणूस सेकंड गिअर सोडणार नाही आणि मी त्याला सोड म्हणून सांगणारपण नाही, रात्री उशीर झाला तरी चालेल.

मोकळे डोंगर आणि दऱ्या बघायच्या असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, हे बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं, तेव्हा तुम्हीच म्हणालात की नको आम्हाला पाऊसच हवा. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पाऊस तर मिळाला ना?

बरं, तुमच्या मुलाचा पिवळा रेनकोट डिकीत राहिलाय. पत्ता इथे टाकू नका, ऑफिसला फोन करून सांगा, कुरियर करतो.